टीव्हीखालचा पेटारा

१९७० साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात एका फ्रेंच अभियंत्याने १०० पौंडांना एक जुना काळा पेटारा विकत घेतला आणि त्यावर टीव्ही ठेवला. १९८६ मध्ये निवृत्त होऊन तो फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या खोऱ्यातल्या घरी राहायला गेला, तेव्हा पेटाराही सोबत नेला. तिथे तो दारूच्या बाटल्या ठेवायच्या कामी आला. अभियंता वारल्यावर घरच्यांनी सामानाची किंमत करायला लिलाववाल्यांना बोलावलं. ९ जून २०१३ रोजी शेव्हर्नीच्या जुन्या सरदारी वाड्यात लिलाव झाला आणि आम्सटरडॅमच्या राइक्सम्युझियमने तो पेटारा सुमारे ७३ लाख युरोंना घेतला.

त्या वेळच्या बातम्या नशिबाच्या अंगाने लिहिल्या गेल्या. अडगळीत घबाड सापडलं, एवढाच त्यांचा सूर. मला हे प्रकरण नशिबाचं वाटत नाही. जपानी जुनं फर्निचर आणि कलावस्तू जमवणाऱ्याने, किंवा घरात वारशाने आलेल्या एखाद्या वस्तूकडे पाहून ‘हे काय असेल?’ असं मनात येणाऱ्याने, ते बारकाईने पाहावं असं आहे. तीनशे वर्षं नावानिशी ओळखला गेलेला पेटारा तीसेक वर्षांत निनावी कसा झाला? आणि निनावी असताना तो टिकला कसा? या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांना छेद देतात, म्हणून हे प्रकरण मला सोडवत नाही.

आधी वस्तू

पेटारा सुमारे १६४० चा, जपानमधल्या क्योतो शहरातला. लांबी जवळजवळ दीड मीटर. लाकडावर उरुशीचे थर, त्यावर सोन्याचांदीची चित्रं. ‘उरुशी’ला मराठीत ‘लाख’ म्हणण्याची सवय आहे आणि तिथेच पहिला घोटाळा होतो. आपली लाख किड्यापासून मिळते. सावंतवाडीची खेळणी आणि पाट रंगवतात ती लाख. उरुशी हा झाडाचा चीक आहे. ते झाड आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातलं. बिब्बा उतला म्हणजे काय होतं हे ज्याने अंगावर सोसलंय, त्याला उरुशीच्या कारागिराची पहिली काही वर्षं कशी जात असतील हे वेगळं सांगायला नको. तशीच खाज, तसेच फोड. परटाने कपड्यावर बिब्ब्याने केलेली खूण कितीही धुतली तरी जात नाही, त्याचं कारणही त्याच जातीच्या रसायनात आहे.

जपानात दहा-पंधरा वर्षांच्या झाडाला हंगामभर चिरा देऊन साधारण २०० ग्रॅम चीक मिळतो आणि मग ते झाड तोडतात. हा चीक आपल्या नेहमीच्या रंगासारखा सुकत नाही. तो आवळून कठीण व्हायला दमट हवा लागते, ७० ते ८० टक्के आर्द्रतेची. म्हणून कारागीर वस्तू ओलसर कपाटात ठेवतात. एक पातळ थर, तो कठीण झाला की घासणं, मग पुढचा थर. असे कितीतरी. चित्र काढायचं तेही ओल्या उरुशीनेच. ती ओली असतानाच बांबूच्या किंवा पिसाच्या नळीतून सोन्याची भुकटी तिच्यावर भुरभुरायची. या कामाला माकी-ए म्हणतात, शब्दशः ‘शिंपडलेलं चित्र’. सपाट राहिलं तर हिरामाकी-ए, आणि खालून भर देऊन उठावदार केलं तर ताकामाकी-ए. आपण रांगोळी चिमटीतून सोडतो. इथे बोटांऐवजी नळी असते आणि खालची जमीन चिकट असते. हात चुकला तर पुसून टाकायची सोय नाही.

हे काम कोआमी घराण्याच्या कारखान्यातलं असावं असं जाणकार मानतात. घराण्याचा त्या वेळचा प्रमुख कोआमी नागाशिगे. शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश, तोकुगावा इएमित्सू याची मुलगी चियोहिमे हिचं लग्न १६३९ मध्ये झालं. तिचं उरुशीकामाचं रुखवत याच नागाशिगेच्या हाताखाली तयार झालं आणि आज ते नागोयाच्या तोकुगावा कलासंग्रहालयात राष्ट्रीय ठेवा म्हणून जपलेलं आहे. म्हणजे आपल्या पेटाऱ्याचा काळ आणि शोगुनच्या लेकीच्या रुखवताचा काळ एकच, आणि दर्जाही त्याच तोडीचा. असं काम परदेशी व्यापाऱ्यांसाठी सहसा होत नसे. निर्यातीचा माल बेताचाच असायचा.

मग हा अपवाद कोणासाठी? तेव्हा जपानमधल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारीचा प्रमुख फ्रांस्वा कारोन होता. त्याने हा पेटारा बनवून घेतला असं मानलं जातं. जपानमध्ये बरीच वर्षं काढलेला, तिथली भाषा येणारा माणूस होता तो. ही तीच कंपनी, जिची वखार आपल्याकडे वेंगुर्ल्याला होती. तिच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. काजू-बिब्ब्याच्या मुलखातली वखार आणि उरुशीच्या देशातली वखार एकाच कंपनीच्या वहीत होत्या, हे मला वेंगुर्ल्याला गेलो की हटकून आठवतं.

हातोहात

या पेटाऱ्याचं एक धाकटं भावंड आहे, एक मीटरहून जरा लांब. त्याच्यावर ‘गेंजी’ या जुन्या जपानी कादंबरीतले प्रसंग आहेत. १६५८ मध्ये दोन्ही पेटारे फ्रान्सचा मुख्यमंत्री कार्डिनल माझारँ याने घेतले. तयार झाल्यापासून अठराएक वर्षांनी.

माझारँ १६६१ मध्ये वारला. त्याच्या भाचीशी लग्न करून त्याचं नाव आणि संपत्ती ज्याच्याकडे गेली तो ला मेइरे घराण्यातला माणूस धर्मवेडा होता. मामेसासऱ्याच्या संग्रहातल्या नग्न शिल्पांवर त्याने हातोडे चालवले, चित्रांवर रंग फासले. पेटाऱ्यांवर पोशाखातले जपानी सरदार आणि स्त्रियाच होत्या, म्हणून ते वाचले की त्याचं लक्षच गेलं नाही, कोण जाणे. पण एक गोष्ट त्या काळात झाली. धाकट्या पेटाऱ्याला फ्रेंच बनावटीची पोलादी किल्ली मिळाली आणि तिच्यावर माझारँ-ला मेइरे घराण्याचं चिन्ह आहे. लंडनमध्ये त्याला ‘माझारँ पेटारा’ म्हणतात ते या किल्लीमुळे. उरुशी, सोनं, शिंपला, कोआमीचा हात, यांपैकी कशावरूनही त्याला नाव पडलं नाही. नाव टिकवलं बोटभर लांबीच्या किल्लीने.

पुढे पेटारे वंशजांकडून बूयाँच्या ड्यूककडे गेले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम बेकफर्डकडे. बेकफर्डचा पैसा जमैकातल्या उसाच्या मळ्यांचा, म्हणजे गुलामांच्या श्रमाचा. संग्राहकांच्या गोष्टी सांगताना ही बाजू गाळायची रीत आहे, ती मला पटत नाही. बेकफर्डची नजर मात्र खरोखर तयार होती आणि जपानी उरुशीकामावर त्याचा विशेष जीव होता. त्याची मुलगी पुढे हॅमिल्टनची डचेस झाली आणि वडिलांचा संग्रह स्कॉटलंडमधल्या हॅमिल्टन पॅलेसमध्ये आला.

१८८२ च्या उन्हाळ्यात हॅमिल्टन पॅलेसचं सामान लंडनमध्ये क्रिस्टीजने लिलावात काढलं. १७ दिवस, २,२१३ नग, एकूण उत्पन्न ३,९७,५६२ पौंड. सव्वादोनशे वर्षं एकत्र राहिलेल्या भावंडांची इथे ताटातूट झाली. धाकटा साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाने घेतला, त्यालाच आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणतात. थोरला सर ट्रेव्हर लॉरेन्सकडे गेला. हा माणूस ऑर्किडसाठी प्रसिद्ध, रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचा बरीच वर्षं अध्यक्ष. त्याच्यानंतर थोरला वेल्समधला कोळशाचा धनी सर क्लिफर्ड कोरी याच्याकडे आला. जाता जाता एक: ज्या हॅमिल्टन पॅलेसमधून पेटारा निघाला, तो वाडाही पुढे कोळशाने गिळला. खाणींमुळे खालची जमीन खचली आणि १९२० च्या दशकात तो पाडावा लागला.

इथपर्यंत पाहा: कंपनीच्या वह्या, कार्डिनलचा संग्रह, बेकफर्ड, ड्यूक, छापील लिलावयादी, नावाजलेला संग्राहक. प्रत्येक हस्तांतरात वस्तूसोबत कागद गेला. कागद नव्हता तिथे निदान असा माणूस गेला ज्याला ही वस्तू काय आहे ते ठाऊक होतं.

१९४१

कोरी १९४१ मध्ये वारला. युद्धाची वर्षं. मोठमोठ्या घरांचं सामान निघत होतं आणि घ्यायला फारसं कोणी नव्हतं. जपान तर त्या वर्षाच्या अखेरीस ब्रिटनचा शत्रूच झाला. पेटारा विकला गेला, लंडनमध्ये राहणाऱ्या एका पोलिश डॉक्टरकडे पोचला. त्यानेच पुढे १९७० मध्ये तो अभियंत्याला दिला.

तुटलं ते नेमकं इथे. चोरी नाही, आग नाही, बॉम्ब नाही. वस्तू तशीच, पण तिची कुळकथा मागे राहिली. कोरीच्या घरातून निघताना तो ‘माझारँचा थोरला पेटारा’ होता, आणि पुढच्या घरात शिरताना ‘एक काळी मोठी पेटी’.

जपानमध्ये या धोक्यावर एक घरगुती उपाय फार पूर्वीपासून आहे. चांगल्या चहाच्या कटोऱ्याला, उरुशीच्या डब्याला साध्या लाकडाची स्वतःची पेटी असते. तिच्या झाकणावर वस्तूचं नाव, कारागिराचं नाव, शिक्का. तिला तोमोबाको म्हणतात, वस्तूसोबतची पेटी. नंतरच्या मालकांनी आणि जाणकारांनी लिहिलेल्या ओळीही कधी कधी त्यावर वाढत जातात. त्यामुळे जपानी संग्राहक रिकामी पेटीही टाकून देत नाहीत आणि पेटी नसलेल्या वस्तूची किंमत लगेच उतरते. परदेशी लोकांना हा प्रकार नखऱ्याचा वाटतो. १९४१ पाहिल्यावर मला तसं वाटत नाही. दीड मीटरच्या निर्यातीच्या पेटाऱ्याची कुळकथा सगळी बाहेर होती: कोणाच्या वहीत, कोणाच्या डोक्यात, एका किल्लीवर, आणि तीही धाकट्याच्या.

सगळ्यात टोचणारी गोष्ट अंतराची आहे. थोरल्याचा पत्ता लागावा म्हणून व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचे लोक अनेक वर्षं शोध घेत होते. आणि १९७० ते १९८६ तो त्याच साउथ केन्सिंग्टन भागात होता, धाकटा ज्या इमारतीत आहे तिथून पायी जाता येईल इतक्या जवळ. वर टीव्ही चालू.

मग सांभाळलं कोणी?

हे प्रकरण सांगितलं की लोक अभियंत्याला हसतात. मला ते चुकीचं वाटतं, आणि त्यासाठी अठराव्या शतकातल्या पॅरिसकडे पाहावं लागतं.

तिथे जपानी उरुशीकामाची पारख असलेले व्यापारी होते, घेणारेही तसेच. त्यांना हे काम किती सुंदर आहे ते चांगलंच ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच ते पेटारे आणि कपाटं विकत घेऊन फोडायचे. चित्र असलेली फळी मागून तासून पातळ करायची, इतकी की ती वाकेल, आणि फ्रेंच पद्धतीच्या फुगीर खणांच्या कपाटावर चढवायची. कडेला सोनेरी पितळेची नक्षी. बी.व्ही.आर.बी. अशी अक्षरं उमटवणारा प्रसिद्ध कारागीर यात वाकबगार होता. ती कपाटं आज मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत आणि देखणीही आहेत. पण प्रत्येकाच्या पोटात एक मेलेला जपानी पेटारा आहे.

आता तुलना करा. जाणकारांनी पेटारे कापले. ज्याला काही माहीत नव्हतं त्या अभियंत्याने मात्र पेटारा कापला नाही, रंगवला नाही, भंगारात काढला नाही. निवृत्त होताना एवढं अवजड धूड समुद्रापार नेलं. का? कारण तो कामाचा होता. टीव्ही मावत होता, बाटल्या मावत होत्या. आणि मला वाटतं, आवडतही असणार. न आवडणारी दीड मीटरची पेटी कोणी इंग्लंडहून फ्रान्सला नेत नाही. वापर हा जुन्या वस्तूचा शत्रू असतो असं आपण गृहीत धरतो. निनावी झालेल्या या वस्तूला मात्र त्रेचाळीसएक वर्षं वापरानेच आश्रय दिला. काचेच्या कपाटात ठेवायची वस्तू तिचं नाव गेलं की निरुपयोगी ठरते आणि तिला कोणी जागा देत नाही. पेटाऱ्याला जागा मिळते.

ओळख परत पटली तीही नुसत्या सौंदर्यामुळे नाही. सुंदर काळे पेटारे जगात पुष्कळ आहेत. इथे जोडीला ठेवून पाहायला धाकटा भाऊ एका सार्वजनिक संस्थेत होता, ज्याचा अभ्यास झालेला, छायाचित्रं छापलेली. १८८२ ची यादी होती. धाकट्याला १८८२ मध्ये कोणा हौशी माणसाने घेतलं असतं, तर कदाचित दोघेही निनावी झाले असते. राइक्सम्युझियमचा हक्क किमतीपलीकडचा होता, हेही मला मनापासून वाटतं. दहा वर्षांच्या डागडुजीनंतर ते त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुन्हा उघडलं होतं, आणि डच कंपनीच्या जहाजातून युरोपात आलेला पेटारा दोनच महिन्यांनी डच घरात आला.

ऊन

वापराने वाचवलं म्हटलं, तर वापराने काय नेलं तेही सांगायला हवं. त्यासाठी धाकट्याकडे जावं लागतं, कारण त्याचं काम उघडपणे, सविस्तर नोंदी ठेवून झालं. २००४ पासून चारेक वर्षं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने तोशिबा आणि गेटी प्रतिष्ठानांच्या मदतीने हा प्रकल्प चालवला. जपानी उरुशीतज्ज्ञ योशिहिको यामाशिता आणि संग्रहालयातल्या शेन रिव्हर्स यांनी एकत्र काम केलं.

कठीण झालेली उरुशी पाणी, आम्ल, मद्य यांना दाद देत नाही. जपानात तिच्या वाटीतून गरम सूप पितात. तिला मारतो तो उजेड. उन्हाने वरचा थर झिजतो, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा पडतात, काळा रंग तपकिरी आणि मळकट होतो. एकदा असा झिजला की मग त्याला साधं पाणीही सोसत नाही, ओल्या बोटाचा ठसा कायमचा राहतो. दुसरा शत्रू कोरडी हवा. क्योतोच्या दमट हवेत घडवलेलं लाकूड युरोपातल्या तापवलेल्या खोल्यांत आकसतं. वरचे थर आकसत नाहीत, मग ते उचलले जातात आणि पापुद्रे सुटतात. तिसरा शत्रू म्हणजे जुन्या युरोपीय दुरुस्त्या: चमक आणायला फासलेली वॉर्निशं, जी पुढे पिवळी पडतात.

खरा पेच मात्र विचारसरणीचा होता. जपानी परंपरा सांगते, उरुशीची दुरुस्ती उरुशीनेच. पातळ केलेली उरुशी झिजलेल्या थरात मुरवायची, म्हणजे पृष्ठभाग पुन्हा बांधला जातो. पाश्चात्त्य संवर्धनशास्त्र सांगतं, पुढच्या माणसाला काढता येणार नाही असं काहीही घालू नका. मुरलेली उरुशी निघत नाही. दोन्हींत तथ्य आहे, आणि या प्रकल्पाचं मोठेपण मला यात वाटतं की त्यांनी एक बाजू गुपचूप निवडली नाही. चाचण्या घेतल्या, वाद घातले, कुठे काय वापरलं ते लिहून ठेवलं. पुढच्या माणसाला निदान कळेल तरी.

आपल्याकडे

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या चिनी-जपानी कलावस्तू आहेत. हा विषय नुसता वाचून समजत नाही, तेव्हा त्या दालनात एक दुपार घालवावी. व्यापार, नोकरी, बोटीवरचं काम अशा वाटांनी जपानी वस्तू आपल्याकडच्या घरांतही आल्या आहेत: दागिन्यांचा डबा, ट्रे, छोटं कपाट. १०० वर्षांहून जुनी कलावस्तू, मग ती मूळची कुठलीही असो, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या मुलाकडे ‘आजीची पेटी’ पाठवण्याआधी हे पाहून घ्यावं.

आणि तसा डबा घरात असेलच, तर खिडकीच्या उन्हातून हलवा. खोबरेल तेल, फर्निचरचं पॉलिश, ओलं फडकं, काहीही लावू नका, मऊ कोरड्या ब्रशने धूळ तेवढी झटका. पापुद्रा सुटला असेल तर तो फेव्हिकॉलने चिकटवू नका, कागदाच्या पुडीत घालून वस्तूबरोबर ठेवा. रिकामी लाकडी पेटी, जुनं बिल, आजोबांचं योकोहामाहून आलेलं पत्र, यांतलं काही सापडलं तर तेही त्याच कप्प्यात. आणि घरात ज्याला ठाऊक आहे की ही वस्तू कोणी, कधी, कुठून आणली, त्या माणसाकडे वही-पेन घेऊन या आठवड्यातच बसा.